‘मला गाडी लागते’ : ऑपरेशनआधी भुलीच्या डॉक्टरांना सांगायची एक गोष्ट



आरोग्याच्या या पानावर आजवर आपण रक्तक्षय, शुगर, टीबी अशा आजारांविषयी बोललो. आजचा विषय आजार नाही, पण वस्तीतल्या पुष्कळ बायाबापड्यांना त्याची धास्ती असते. तो विषय म्हणजे ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी.

विहारात महिला मंडळाची बैठक झाली की आम्ही थोडा वेळ दुखण्याखुपण्याच्या गोष्टींसाठी ठेवतो. एकदा एक आक्का म्हणाल्या, “पिशवीचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर दोन वर्सं सांगत्यात, पर मी जाईत न्हाई. टाके दुखायचं भ्या न्हाई मला. सिझरच्या वक्ताला रातभर वकून वकून जीव गेला हुता. त्येचं भ्या वाटतं.” ऐकणाऱ्या चार-पाच जणींनी माना हलवल्या. प्रत्येकीची आठवण तीच होती.

आक्कांच्या अंगावरून दोन वर्षे जास्त जात होते, रक्त कमी झाले होते आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. एवढा त्रास अंगावर काढण्याचे कारण काय, तर ऑपरेशननंतरच्या उलटीची भीती. म्हणून हा लेख. त्यात सांगायचे आहे ते एवढेच की, भूल दिली की उलटी होणारच असा नियम नाही. ती बऱ्याच अंशी टाळता येते. एका औषधाने जमले नाही तर दोन-तीन वेगवेगळी औषधे मिळून ती टाळता येते. पण त्यासाठी आपल्याविषयीची थोडी माहिती भुलीच्या डॉक्टरांना आधी मिळावी लागते, आणि ती देणे आपल्या हातात आहे.

जुनी समजूत आली कुठून?

जुनी माणसे म्हणतात, “भूल म्हटली की वकारी आलीच.” त्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते खोटे नव्हते. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनला ईथर हुंगवून ऑपरेशन करून दाखवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले. माणसाला न दुखवता चिरता येऊ लागले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण ईथर घेतलेल्या बहुतेक रुग्णांना नंतर उलट्या होत. ते वायू आता मागे पडले, नवी भूल आली, उलटीवर चांगली औषधे आली. समजूत मात्र जुनीच राहिली.

आजही काहीच खबरदारी घेतली नाही तर ऑपरेशन झालेल्या दर १०० माणसांपैकी साधारण ३० जणांना उलटीचा त्रास होतो. ज्यांच्या बाबतीत धोका जास्त आहे अशांमध्ये हा आकडा ८० पर्यंत जातो. त्रास म्हणजे नुसती किळस नव्हे. जोरात उमासे आले की टाक्यांवर ताण येतो, जखम दुखते, अंगातले पाणी आणि क्षार कमी होतात, तोंडाने गोळी घेता येत नाही आणि घरी सोडायला उशीर होतो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात एक दिवस जास्त राहणे म्हणजे रुग्णाची आणि सोबत बसणाऱ्याची अशा दोन मजुऱ्या बुडणे.

उलटी होते कशी?

मेंदूच्या खालच्या भागात उलटीचे केंद्र असते. त्या केंद्राकडे खबर पोचवणाऱ्या वाटा चार आहेत.

पहिली वाट रक्ताची. भुलीचा वायू आणि दुखण्यावरची कडक इंजेक्शने रक्तातून मेंदूजवळ पोचतात. तिथे रक्तातला परका पदार्थ ओळखणारी एक जागा असते. ती केंद्राला जागे करते.

दुसरी वाट पोटाची. पोटाला किंवा आतड्याला हात लागला, ताण बसला की आतड्याच्या पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात आणि नसेतून खबर वर जाते.

तिसरी वाट कानाची. आतल्या कानात तोल सांभाळणारे यंत्र आहे. एसटीत, घाटात, पाळण्यात काही जणांना मळमळते ते याच वाटेने. ऑपरेशननंतर कडक वेदनाशामकाच्या अमलाखाली हे यंत्र आणखी हळवे होते. म्हणून खाट हलवली किंवा रुग्णाला एकदम उठवले की उलटी होते.

चौथी वाट मनाची. भीती, वेदना, औषधांचा वास, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला उलटी होताना पाहणे, यांचीही खबर केंद्रापर्यंत जाते.

म्हणजे उलटी ही बाहेरची बाधा नाही, नजर नाही. तिच्यासाठी उशाला लिंबू-मिरची ठेवण्याची किंवा मीठ-मोहऱ्या उतरण्याची गरज नाही. ती शरीराची एक क्रिया आहे आणि तिचे कारण शोधून उपाय करता येतो.

जास्त धोका कोणाला?

१९९९ साली डॉ. अ‍ॅप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच रुग्णांचा अभ्यास करून एक सोपा हिशेब मांडला. जगभरातले भूलतज्ज्ञ आजही तो वापरतात. त्यात चारच प्रश्न आहेत.

१. रुग्ण बाई आहे का?
२. रुग्ण विडी-सिगारेट न ओढणारा आहे का?
३. गाडी लागते का, किंवा मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का?
४. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी कडक औषधे द्यावी लागणार आहेत का?

प्रत्येक ‘हो’ला एक गुण. एकही गुण नसेल तर १०० पैकी साधारण १० जणांना उलटीचा त्रास होतो. एक गुण असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८० जणांना.

आता आपल्या आक्कांचा हिशेब करू. बाई आहेत, एक गुण. विडी ओढत नाहीत, दोन गुण. २० मार्चला महाडला जाणाऱ्या गाडीत त्या कायम खिडकीशी बसतात, हातात लिंबू असते आणि घाट लागला की गाडी थांबवायला लावतात. शिवाय सिझरनंतर रात्रभर उलट्या झालेल्या. तीन गुण. पिशवीच्या ऑपरेशननंतर कडक वेदनाशामक द्यावे लागले तर चार. म्हणजे आक्कांची भीती उगाच नव्हती. त्या खरोखरच जास्त धोक्याच्या गटात होत्या. पण ही गोष्ट रुग्णालयात कोणालाच ठाऊक नव्हती, कारण आक्कांनी ती सांगितली नव्हती.

दुसरा प्रश्न वाचून कोणी म्हणेल, मग विडी ओढलेली बरी! तसे नाही. विडीने फुप्फुसाचे आणि जखम भरण्याचे जे नुकसान होते त्यापुढे हा फायदा काहीच नाही. ऑपरेशन ठरले की विडी-सिगारेट बंदच करायची.

याखेरीज वय कमी असणे, दुर्बिणीतून केलेले पित्ताशयाचे किंवा बाईच्या पोटाचे ऑपरेशन, वायूने दिलेली पूर्ण भूल आणि जास्त वेळ चालणारे ऑपरेशन यांनीही धोका वाढतो. तीन वर्षांवरच्या मुलांना, त्यातही तिरळेपणाच्या किंवा टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर, उलटी जास्त होते. मूल गाडीत ओकत असेल, किंवा आई-बापाला ऑपरेशननंतर असा त्रास झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

एकच औषध का पुरत नाही?

वर आपण चार वाटा पाहिल्या. एक औषध साधारण एकच वाट अडवते. तीन वाटा उघड्या राहिल्या तर खबर दुसरीकडून पोचते. घराला चार दारे असतील तर एकाच दाराला दोन कुलपे लावून चोर थांबत नाही. वेगवेगळ्या दारांना वेगवेगळी कुलपे लागतात.

ही नुसती उपमा नाही, ते मोजून पाहिलेले आहे. २००४ साली युरोपातल्या बऱ्याच रुग्णालयांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उलटीचा धोका जास्त असलेले पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल ही तीन औषधे कोणाला एक, कोणाला दोन, कोणाला तिन्ही आणि कोणाला एकही नाही अशा प्रकारे देऊन पाहिली. निकाल असा :

एकही औषध नाही : १०० पैकी ५२ जणांना त्रास.
एक औषध : ३७ जणांना.
दोन औषधे : २८ जणांना.
तीन औषधे : २२ जणांना.

प्रत्येक औषधाने उरलेला धोका साधारण पाव हिश्शाने कमी केला, आणि तिन्ही औषधांचा परिणाम जवळपास सारखा निघाला. म्हणजे महाग औषध एकटे देण्यापेक्षा स्वस्त पण वेगवेगळ्या वाटांची औषधे एकत्र देणे अधिक उपयोगी ठरते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल नावाचे औषध देऊन भूल चालू ठेवली आणि नायट्रस ऑक्साइड हा वायू वगळला, तर तोही फायदा एका औषधाएवढा होतो.

२०२० साली भूलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांचे सार असे की, धोक्याचे एक-दोन मुद्दे असतील तर दोन औषधे आधीच द्यावीत आणि त्याहून जास्त असतील तर तीन ते चार उपाय एकत्र करावेत. उलटी होऊ लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती होण्याआधी थोपवणे बरे, हा त्यामागचा विचार.

औषधे कोणती, आणि कोणी जपावे?

ही औषधे भुलीच्या डॉक्टरांनीच द्यायची आहेत. मेडिकलमधून आणून आपल्या मनाने घ्यायची नाहीत. पण काय दिले जाते हे माहीत असावे, म्हणून थोडक्यात सांगतो.

ऑन्डॅनसेट्रॉन : पोटाच्या वाटेने येणारा सेरोटोनिनचा संदेश अडवते. ऑपरेशन संपत आले की शिरेतून देतात, मोठ्या माणसाला सहसा ४ मिलिग्रॅम. याने डोके दुखू शकते, संडास घट्ट होऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर आधी सांगावे. ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही याच घराण्यातली औषधे.

डेक्सामेथासोन : हे स्टेरॉइड आहे. भूल दिल्यावर लगेच, ऑपरेशनच्या सुरुवातीला देतात, कारण त्याचा परिणाम यायला वेळ लागतो. त्याने थोडे दुखणेही कमी होते. ‘स्टेरॉइड’ म्हटल्यावर घाबरू नये. महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्या वेगळ्या आणि हा एकच डोस वेगळा. पण त्याने रक्तातली साखर वाढते. म्हणून शुगरच्या रुग्णाने आपला आजार सांगावा आणि ऑपरेशननंतर साखर तपासून घ्यावी.

मेटोक्लोप्रमाइड : हे जुने आणि सगळीकडे मिळणारे औषध डोपामिनचा संदेश अडवते. क्वचित, विशेषतः तरुण मुलामुलींना, याने मान किंवा डोळे एका बाजूला ओढले जातात, अंगात बेचैनी होते. असे दिसले तर ताबडतोब सिस्टरना सांगावे. इंजेक्शनने ते उतरते. कंपवात असलेल्या रुग्णाला हे औषध देत नाहीत.

अ‍ॅप्रेपिटंट : ऑपरेशनआधी घ्यायची कॅप्सूल. परिणाम बराच वेळ टिकतो, पण तुलनेने महाग. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने लक्षात ठेवावे की, या कॅप्सूलनंतर साधारण महिनाभर त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. दुसरे साधन वापरावे लागते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आधी औषध देऊनही सहा तासांच्या आत उलटी झाली, तर तेच औषध पुन्हा देऊन विशेष उपयोग होत नाही. दुसऱ्या वाटेचे औषध द्यावे लागते. म्हणून नातेवाइकाने “अजून एक उलटीचं इंजेक्शन द्या” एवढेच न म्हणता “आधी कोणतं दिलं होतं, आता वेगळं देता येईल का?” असे नम्रपणे विचारावे.

पाठीतल्या भुलीत काय?

सिझर, हर्निया, पायाचे ऑपरेशन अशा वेळी पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. वायूच्या पूर्ण भुलीपेक्षा यात उलटीचा धोका कमी. पण या भुलीने बीपी एकदम खाली येऊ शकते आणि मळमळ हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. सिझरच्या टेबलावर बाईला उमासा आला की तिने लाजून गप्प बसू नये. “डॉक्टर, मला मळमळतंय, गरगरतंय” असे लगेच सांगावे. सलाईन आणि बीपी वाढवणारे इंजेक्शन दिले की बऱ्याचदा मळमळ तिथेच थांबते. इथे खरा उपाय बीपी सावरणे हाच असतो.

दुखण्याचेही तसेच. काही जणी म्हणतात, वेदनेच्या इंजेक्शनने उलटी होते, त्यापेक्षा दुखणे सोसू. पण तीव्र वेदनेनेही उलटी होते. पॅरासिटामॉल, जखमेच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन, नस बधिर करणे अशा उपायांनी कडक औषध कमी लागते. तेव्हा सोसत बसू नका, विचारा.

ऑपरेशनआधी आपण काय करायचे?

हातकणंगले परिसरातून मोठ्या ऑपरेशनसाठी लोक इचलकरंजीच्या आयजीएममध्ये, कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, नाहीतर रेल्वेने मिरजेला जातात. कुठेही गेलात तरी ऑपरेशनआधी भुलीचे डॉक्टर तपासणी करतात, त्याला लोक ‘फिटनेस’ म्हणतात. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की ती नुसती सही-शिक्क्याची गोष्ट आहे. तसे नाही. तुमच्यासाठी कोणती भूल, कोणती औषधे हे तिथे ठरते. गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, आणि आपण दबून “काय न्हाई, सगळं बरं हाय” म्हणून मोकळे होतो. इथेच चूक होते.

आमच्या घरातलेच सांगतो. वहिनींच्या पित्ताशयातले खडे काढले तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. रात्रभर कोरडे उमासे येत राहिले. सकाळी त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले होते. काही वर्षांनी दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली. तेव्हा आम्ही एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या. भुलीच्या बाईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” त्यांनी केसपेपरवर नोंद केली आणि दोन वेगवेगळी इंजेक्शने दिली. वहिनींना संध्याकाळी थोडे मळमळले, उलटी एकही झाली नाही. एका माणसावरून नियम सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच वर आकडे दिले. पण कागदाच्या चार ओळींचे मोल आम्हाला त्या दिवशी कळले.

तुम्हीही असा कागद करा. त्यावर लिहा :

१. मला एसटीत किंवा घाटात गाडी लागते, किंवा लागत नाही.
२. मागे अमुक साली अमुक ऑपरेशन झाले. तेव्हा उलट्या झाल्या, किंवा झाल्या नाहीत.
३. शुगर, बीपी, दमा, हृदय, फिट यांपैकी काय आहे. चालू गोळ्यांची नावे, किंवा गोळ्यांची पाकिटेच सोबत.
४. कोणते औषध चालत नाही, कशाने अंगावर पित्त उठले.
५. विडी, मशेरी, तंबाखू, गुटखा, दारू यांपैकी काय आहे.

पाचवी ओळ लपवू नका. गुटख्याने तोंड पुरते उघडत नसेल तर श्वासाची नळी घालायला अडचण येते. ते डॉक्टरांना आधी कळले तर ते तयारीत राहतात, ऐनवेळी कळले तर जिवावर बेतते. ऑपरेशनच्या सकाळी मशेरी लावू नये, तंबाखू तोंडात धरू नये.

आता उपाशी राहण्याविषयी. मोठ्या माणसाला हलके जेवण ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत आणि तेलकट किंवा मटणाचे जेवण आठ तास आधीपर्यंत चालते. आईचे दूध बाळाला चार तास आधीपर्यंत, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

“पोर उपाशी हाय, पोटात काय न्हाई म्हणून वकारी येईल” असे म्हणून आजी पहाटे गुपचूप चहा-चपाती भरवते. ही माया जिवाशी येऊ शकते. भुलीत घसा जागा नसतो. पोटातले अन्न वर आले तर ते श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुस निकामी होऊ शकते. चुकून काही खाल्ले असेल तर खरे सांगा. ऑपरेशन पुढे ढकलले जाईल, पण माणूस वाचेल. उलट, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेणे हेही चांगले नाही. “पाणी कधीपर्यंत चालेल?” हे विचारून घ्या.

ऑपरेशननंतर सोबत बसणाऱ्यांनी

रुग्ण गुंगीत असताना उलटी आली तर मान आणि अंग एका कुशीवर वळवा आणि सिस्टरना हाक मारा. उताणे ठेवू नका, तोंडात पाणी ओतू नका. पोटाला टाके असतील तर उमासा येताना जखमेवर उशी किंवा घडी केलेले लुगडे हलके दाबून धरा. एकदम उठवून बसवू नका. परवानगी मिळाली की डोके हळूहळू वर करा. पाणी सुरू करायला सांगितले की चमच्याने, घोटाघोटाने द्या. भेटायला आलेल्यांनी तेलकट डबे खाटेजवळ उघडू नयेत, अत्तर-उदबत्तीचा वास करू नये, गर्दी करू नये.

मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेषेपासून रुग्णाच्याच तीन बोटांइतके वर, दोन शिरांच्या मधोमध एक जागा आहे. तिथे दाब दिल्याने मळमळ कमी होते असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. करायला हरकत नाही, पण ते औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. आल्याचा रस, लिंबूपाणी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

काहींना घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी मळमळते. म्हणून सुट्टी घेतानाच विचारा, “घरी उलटी झाली तर कोणती गोळी द्यायची?”

ही उलटी साधी नव्हे

पुढील लक्षणे दिसली तर ‘भुलीची उलटी असेल’ म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा : हिरवी, काळी किंवा रक्ताची उलटी, पोट फुगणे आणि गॅस न सरणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, घोटभर पाणीही न टिकणे, लघवी फार कमी होणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, गुंगी वाढत जाणे, पाठीतल्या भुलीनंतर उठून बसल्यावर असह्य डोकेदुखी.

पैशाचा प्रश्न

उलटी टाळणे ही पैसेवाल्यांची चैन नाही. ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या देशाच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी रुग्णालयात सिझर झाले तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधेही मोफत मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होत असेल तर ऑपरेशनच्या औषधांचे पैसे वेगळे द्यायचे नसतात. अडचण आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा किंवा १५५३८८ या मोफत क्रमांकावर फोन करा.

शेवटी

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुऊन खाटेवर निजवले. त्यानंतर त्यांनी चांगला रुग्ण कोणता आणि चांगला शुश्रूषा करणारा कोणता हे सांगितले. चांगल्या रुग्णाच्या गुणांत एक गुण असा की, तो आपले दुखणे आहे तसे सांगतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत एक असा की, रुग्णाची घाण, थुंकी, वांती काढताना त्याला किळस येत नाही. आजच्या पाठाला याहून वेगळे काही सांगायचे नाही. रुग्णाने लाज न धरता खरे सांगावे, सोबत्याने किळस न करता जवळ बसावे आणि औषध जाणकाराने द्यावे.

आक्कांनी आता कागद लिहून घेतला आहे. नातीने सुवाच्य अक्षरात लिहिला. पहिलीच ओळ आहे : ‘मला गाडी लागते.’ पुढच्या आठवड्यात त्या तपासणीला जाणार आहेत. सोबत आमच्यापैकी एक जण जाईल.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या प्रत्येकाचे चार प्रश्नांचे गुण किती होतात?
२. दोन वेगवेगळी औषधे एकाच औषधाच्या दोन डोसांपेक्षा जास्त उपयोगी का पडतात?
३. शुगर असलेल्या रुग्णाने डेक्सामेथासोनबाबत काय काळजी घ्यावी?
४. ऑपरेशनच्या पहाटे चहा-चपाती देण्यात काय धोका आहे?
५. आपल्या वस्तीत कोणाचे ऑपरेशन ठरले आहे? त्यांचा कागद लिहायला कोण जाईल?